तैलरंगातलं पहिलं व्यक्तिचित्र: सासोफेरातोच्या मरियेची प्रत कशी करावी

तैलरंगात चेहरा रंगवायला शिकायचं असेल, तर पहिलं चित्र समोर माणूस बसवून करू नका आणि फोटोवरूनही करू नका. एखाद्या जुन्या उस्तादाचं चित्र घ्या आणि त्याची प्रत करा. समोर बसलेला माणूस हलतो, उजेड बदलतो आणि नवख्या हाताला कशाकशाकडे बघावं हेच उमगत नाही. फोटोत सावल्या काळ्या पडतात आणि उजेडातले बारकावे पांढऱ्यात विरून जातात. जुन्या चित्रात मात्र काय ठेवायचं, काय गाळायचं, कुठली कडा धारदार आणि कुठली पुसट, हे सगळे निर्णय कुणीतरी विचारपूर्वक घेऊन ठेवलेले असतात. प्रत करताना आपण ते निर्णय एकेक करून पुन्हा घेतो. शिक्षण होतं ते त्यातून. प्रत हुबेहूब झाली की नाही, हा दुय्यम प्रश्न आहे.

हे काम फक्त विद्यार्थ्यांचं, असंही समजू नका. रुबेन्स १६२८-२९ मध्ये माद्रिदला गेला तेव्हा पन्नाशी ओलांडलेला, युरोपभर नावाजलेला चित्रकार होता. तिथल्या राजसंग्रहातली तिशियन या आधीच्या इटालियन चित्रकाराची चित्रं पाहून तो त्यांच्या प्रती करत बसला. त्यातली ‘आदाम आणि हव्वा’ची प्रत आज प्रादो संग्रहालयात आहे आणि तिशियनचं मूळ चित्रही तिथेच आहे.

कुठलं चित्र घ्यावं

माझी शिफारस सासोफेरातोच्या ‘प्रार्थनामग्न मरिया’ची आहे. जोव्हानी बात्तिस्ता साल्वी हे त्याचं खरं नाव. इटलीतल्या सासोफेरातो गावात १६०९ मध्ये जन्मला, म्हणून त्या गावाच्याच नावाने ओळखला गेला. १६८५ मध्ये रोममध्ये वारला. घरात ठेवून प्रार्थना करता येईल अशी मरियामातेची चित्रं काढण्यात त्याचं आयुष्य गेलं. राफाएलसारख्या आधीच्या चित्रकारांच्या प्रती त्याने केल्या आणि स्वतःच्या गाजलेल्या रचनाही पुन्हा पुन्हा रंगवल्या. या मरियेच्याही अनेक आवृत्त्या आहेत. आपण लंडनच्या नॅशनल गॅलरीतली, साधारण १६४० ते १६५० च्या दरम्यानची आवृत्ती समोर ठेवू.

नवशिक्याने हेच चित्र घ्यावं याला ठोस कारणं आहेत. मागे गडद, रिकामी पार्श्वभूमी. त्यावर तीनच मोठे रंगपट्टे: डोईवरचं पांढरं वस्त्र, निळा झगा, आतला लाल पोशाख. चेहरा खाली झुकलेला आणि पापण्या उतरलेल्या, त्यामुळे उघडे डोळे रंगवायची अवघड परीक्षा पहिल्याच चित्रात द्यावी लागत नाही. ओठ मिटलेले. उजेड एकाच बाजूने येतो, म्हणून चेहऱ्याचा उजेडातला भाग आणि सावलीतला भाग स्पष्ट वेगळे दिसतात. अवघड आहेत ते फक्त जोडलेले हात, आणि त्यांचीही युक्ती पुढे सांगतो.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. हे भक्तीचं चित्र आहे. तुमचा धर्म कुठलाही असो, ही बाई प्रार्थना करते आहे याचं भान ब्रश हातात असताना राहू द्या. मान किती झुकली, बोटं किती हलकी टेकली, हे त्या भानाशिवाय नीट दिसतच नाही.

मुंबईत असाल तर आधी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रं तिथे आहेत. चित्राला बाजूने, तिरक्या उजेडात बघा: उजेडाच्या जागी रंग जाड बसलेला आणि सावलीत पातळ, कधी खालचा कॅनव्हास जाणवेल इतका. हा फरक छापील चित्रात किंवा पडद्यावर कळत नाही.

सामान

मूळ चित्र ७३ × ५७.७ सेंटिमीटरचं आहे. तुम्ही १६ × २० इंचाचा ताणलेला कॅनव्हास घ्या. उंची जुळवली तर रुंदीत जेमतेम पाच मिलिमीटर जास्त उरतात आणि ते पार्श्वभूमीत खपून जातात. याहून लहान कॅनव्हासवर चेहरा इतका छोटा होतो की ब्रश नीट फिरत नाही.

रंगाच्या नळ्या आठ पुरेत: टायटॅनियम व्हाइट, येलो ऑकर, लाइट रेड, कॅडमियम रेड, पर्मनंट अ‍ॅलिझरिन क्रिम्सन, अल्ट्रामरीन ब्लू, रॉ अंबर आणि आयव्हरी ब्लॅक. पांढरा मोठ्या नळीचा घ्या, तो सगळ्यात आधी संपतो. झिंक व्हाइट नको, त्याचा थर पुढे ठिसूळ होतो. ‘फ्लेश टिंट’ नावाची तयार नळी दुकानात मिळते, ती अजिबात घेऊ नका. सगळा चेहरा एकाच गुलाबी रंगाचा दिसायला लागतो आणि तुम्ही मिसळायला शिकत नाही. पैसे मोजके असतील तर पांढरा आणि मातकट रंग कॅमलचे चालतील, निळ्यासाठी आणि क्रिम्सनसाठी थोडे जास्त मोजा.

ब्रशमध्ये हॉगचे (डुकराच्या राठ केसांचे) चपटे ४, ६ आणि ८ नंबरचे, सिंथेटिक फिल्बर्ट (चपटे, पण गोलसर टोकाचे) दोन, एक बारीक गोल, आणि एक मऊ, रुंद, कायम कोरडा ठेवायचा. त्याशिवाय पॅलेट नाइफ, जवसाचं शुद्ध केलेलं तेल, चित्रकलेचं टर्पेंटाइन, जुन्या सुती कपड्याच्या चिंध्या आणि कोळशाच्या कांड्या. हार्डवेअरच्या दुकानातलं टर्पेंटाइन कधी भेसळीचं असतं आणि त्याचा चिकट थर मागे राहतो, ते टाळा.

नॅशनल गॅलरीच्या संकेतस्थळावर चित्र मोठं करून बघता येतं. स्वतःच्या अभ्यासासाठी कॅनव्हासच्याच मापाच्या दोन मॅट प्रिंट काढून घ्या, एक रंगीत आणि एक कृष्णधवल. छपाईत रंग थोडे बदलतात, तेव्हा रंगासाठी पडदा बघा आणि मापासाठी प्रिंट. कृष्णधवल प्रिंट पहिले दोन-तीन आठवडे तुमचा खरा गुरू असेल.

बसण्याची जागा खिडकीजवळ, पण ऊन अंगावर येणार नाही अशी हवी. प्रिंट आणि कॅनव्हास शेजारी शेजारी, एकाच उंचीवर, एकाच उजेडात उभे करा. रात्री काम करणार असाल तर पिवळा बल्ब नको.

जमीन आणि रेखाटन

पांढऱ्या कॅनव्हासवर थेट सुरुवात केली की प्रत्येक रंग गडद वाटतो आणि हात घाबरतो. म्हणून रॉ अंबरमध्ये किंचित लाइट रेड घालून टर्पेंटाइनने पातळ करा, सगळ्या कॅनव्हासवर फासा आणि चिंधीने पुसून काढा. मध्यम उजळ, उबदार तपकिरी जमीन, म्हणजे चित्राखालचा पायाचा थर, उरली पाहिजे. सतराव्या शतकातले इटालियन चित्रकारही बऱ्याचदा अशाच तपकिरी जमिनीवर काम करत. दोन दिवस सुकू द्या.

मग चौकटी आखा. दोन-दोन इंचांच्या आखल्या तर आडव्या आठ आणि उभ्या दहा, अशा ऐंशी चौकटी होतात. तशाच प्रिंटवरही. लाइटबॉक्स किंवा कार्बन कागद वापरून छाप घेता येतो, पण मग डोळा तयार होत नाही. चौकटीत बघून काढताना आपण नाक, डोळा, ओठ ही नावं विसरून नुसते आकार बघायला लागतो.

कोळशाने आधी बाहेरचा मोठा आकार काढा: डोकं आणि खांदे मिळून होणारा त्रिकोण. मग डोईवरच्या वस्त्राची चेहऱ्याकडची कडा. मग चेहऱ्याचा मधला अक्ष, म्हणजे कपाळाच्या मध्यापासून नाकावरून हनुवटीपर्यंत जाणारी रेषा. या चित्रात ती तिरपी आणि किंचित वळलेली आहे. भुवया, पापण्या, नाकपुड्या आणि ओठ यांच्या आडव्या रेषा या अक्षाबरोबरच कलल्या पाहिजेत. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. मान झुकलेली काढतो, पण डोळे मात्र सवयीने सरळ आडव्या रेषेत बसवतो आणि चेहरा वाकडा दिसायला लागतो. दर अर्ध्या तासाने कॅनव्हास आरशात बघा किंवा प्रिंट आणि कॅनव्हास दोन्ही उलटे करून बघा. चूक लगेच ओरडून सांगते.

चेहऱ्यावरची सावलीची हद्दसुद्धा रेखाटनातच काढायची. उजेड संपतो कुठे आणि सावली सुरू होते कुठे, ती रेषा नकाशासारखी स्पष्ट आखा. रेखाटनाला दोन-तीन बैठका लागल्या तरी लागू द्या. पुढे रंगाने चुकीचं रेखाटन दुरुस्त होत नाही. झालं की जादा कोळसा चिंधीने झटका आणि रेषा पातळ अंबरने बारीक ब्रशने पक्क्या करा.

फक्त अंबर आणि पांढरा

आता रंग विसरा. पॅलेटवर रॉ अंबर आणि पांढरा मिसळून पाच ढीग करा, सगळ्यात गडदापासून सगळ्यात उजळापर्यंत. या पाचांतच पूर्ण चित्र रंगवायचं. कृष्णधवल प्रिंट समोर ठेवा, डोळे बारीक करा आणि बघा. बारीक डोळ्यांनी बघितलं की तपशील विरतात आणि मोठे पट्टे उरतात.

पार्श्वभूमी आधी, पातळ आणि गडद. मग चेहऱ्याची सावली, पाचांतल्या एकाच छटेत, सपाट. सावलीच्या आत काहीही शोधू नका, डोळ्याचा खळगा आणि गालाची छाया एकच समजा. उजेडाच्या बाजूला रंग थोडा जाड, लोण्यासारखा, पसरत न्या. शेवटी उजेड आणि सावली यांच्यामधली अर्धछाया. चेहऱ्याला गोलाई या अर्धछायेमुळे येते. उजेड जास्त पांढरा किंवा सावली जास्त काळी करून ती येत नाही.

डोईवरच्या वस्त्राबद्दल सावध राहा. ते पांढरं आहे हे आपल्याला माहीत असतं, म्हणून आपण नळीतला पांढरा सरळ फासतो. प्रत्यक्षात त्या वस्त्राचा मोठा भाग करडा आहे. प्रिंटवर एक जाड कागद ठेवा, त्याला बोटाएवढं भोक पाडा आणि भोकातून वस्त्राची सावली बघा. ती किती गडद आहे हे पाहून आश्चर्य वाटेल. शुद्ध पांढरा अगदी दोन-तीन ठिकाणीच राखून ठेवा.

आता हात. बोटं मोजत बसू नका. जुळलेले दोन्ही तळवे मिळून एक ठोकळा आहे. त्याला एक उजेडाची बाजू आहे आणि एक सावलीची. तो ठोकळा आधी रंगवा, मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत कसा निमुळता होतो ते बघा. ठोकळा पटला की मगच बोटांमधल्या गडद फटी ओढा, त्याही सलग नकोत. फट मुळाशी रुंद आणि गडद असते, टोकाकडे जाता जाता तुटते. नखं शेवटी, किंवा नाहीच काढली तरी चालेल.

हा थर सुकायला साधारण आठवडा द्या. अंबरात मँगनीज असतं आणि ते तेल लवकर सुकवतं, म्हणून हा थर अंबरमध्ये करण्याची सोय जास्त.

मुखवर्ण

रंगीत प्रिंट आता काढा. बसण्यापूर्वी पॅलेटवर मिश्रणं करून ठेवा, रंगवता रंगवता मिसळत बसू नका. उजेडाचा रंग: पांढरा, थोडा ऑकर, त्याहूनही कमी लाइट रेड. अर्धछायेसाठी त्यातच कणभर आयव्हरी ब्लॅक. काळा आणि पांढरा मिळून निळसर करडा होतो, काळा आणि ऑकर मिळून हिरवट होतो, आणि तीच थंड झाक कातडीच्या अर्धछायेत दिसते. सावलीसाठी रॉ अंबर, लाइट रेड आणि कणभर अल्ट्रामरीन, पांढरा जवळपास नाहीच. सावलीत पांढरा गेला की ती खडूसारखी मळकट होते.

सगळा चेहरा एका रंगाचा नसतो. कपाळ थोडं पिवळसर, गाल, नाकाचं टोक आणि बोटांचे सांधे लालसर, जबड्याकडे करडेपणा जास्त. हे फरक अगदी सूक्ष्म ठेवा. लालीसाठी कॅडमियम रेड ब्रशच्या टोकावर येईल एवढाच पुरतो.

एकेक भाग ओला असतानाच शेजारच्या भागात मिसळा. आधी तीन पट्टे शेजारी शेजारी ठेवा, उजेड, अर्धछाया, सावली. मग जिथे ते भेटतात तिथे कोरडा फिल्बर्ट वाकड्यातिकड्या हालचालीने फिरवा. शेवटी मऊ ब्रश जेमतेम टेकवत एकदाच. घासत राहिलात तर गोलाई जाते आणि चेहरा मेणाचा दिसतो. सासोफेरातोचा चेहरा गुळगुळीत दिसतो हे खरं, पण त्याच्या गुळगुळीतपणाखाली पट्टे नेमके आहेत.

उतरलेली पापणी जवळून बघा. पापणी म्हणजे डोळ्याच्या गोळ्यावर ताणलेली कातडी. तिच्या मध्यावर किंचित उजेड, दोन्ही टोकांकडे वळताना गडद. खालच्या कडेला पापण्यांच्या केसांची एक गडद, मऊ पट्टी असते, ती सलग एकाच जाडीची नसते. एकेक केस काढलात तर चित्र बाहुलीचं होईल. ओठांमधली रेषही तशीच: कोपऱ्यात गडद, मध्ये एका जागी गडद, आणि मधूनमधून जवळजवळ नाहीशी. काळा रंग तिथे लावू नका, लाइट रेड आणि अंबर पुरे.

कडांचा नियम एकच लक्षात ठेवा. आकार गोल वळून सावलीत जातो तिथे कडा मऊ, एका वस्तूची सावली दुसरीवर पडते तिथे कडा धारदार. डोईवरच्या वस्त्राची कपाळावर पडलेली सावली वस्त्राजवळ धारदार आहे आणि दूर जाताना मऊ होते. या एका जागेवर अर्धा तास घालवा, वाया जाणार नाही.

निळा झगा, लाल पोशाख

सासोफेरातोच्या काळात अल्ट्रामरीन अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येणाऱ्या लाजवर्द दगडापासून करत आणि तो अतिशय महाग असे. मरियेच्या झग्याला तो वापरणं हाच तिचा मान होता. तसाच रंग कारखान्यात करण्याची रीत १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये सापडली, म्हणून आज तो आपल्याला परवडतो.

नळीतला अल्ट्रामरीन नुसता लावला तर काळपट दिसतो, कारण तो पारदर्शक आहे. त्याची चमक खालच्या उजळ थरातून येते. म्हणून आधी अल्ट्रामरीन आणि पांढरा मिसळून झग्याच्या चुण्या हव्या त्यापेक्षा एक पायरी उजळ रंगवा. सावलीत पांढरा कमी करा आणि थोडं अंबर घाला. चुण्या मोजून नका काढू, दोन-तीन मुख्य घड्यांची दिशा धरा. हे पूर्ण सुकल्यावर एक भाग जवसाचं तेल आणि दोन भाग टर्पेंटाइन यांच्या मिश्रणात नुसता अल्ट्रामरीन पातळ करून वरून फिरवा. यालाच ग्लेझ म्हणतात. उजेडाच्या जागी तो चिंधीने हलका टिपून घ्या. निळा असा काही खुलतो की आधीचे आठवडे सार्थकी लागतात.

लाल पोशाखालाही हीच रीत. खाली कॅडमियम रेड, ऑकर आणि पांढरा, वर अ‍ॅलिझरिन क्रिम्सनचा ग्लेझ.

खालचे थर कमी तेलाचे आणि वरचे जास्त तेलाचे, हा क्रम कधीही उलटा करू नका. नाहीतर वरचा थर आधी सुकतो, खालचा नंतर हलतो आणि भेगा पडतात.

पावसाळा, चिंध्या आणि वॉर्निश

तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. म्हणून वारा आणि उजेड दोन्ही हवेत. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर थर सुकायला दुप्पट वेळ धरा. कॅनव्हास भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागच्या बाजूला बुरशी धरते. सुकणारं चित्र कपाटात किंवा अंधाऱ्या खोलीतही ठेवू नका, जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं.

जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकणं धोक्याचं आहे. तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि बोळ्यात ती अडकून चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. चिंध्या बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा झाकणाच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी हवी. वापरलेलं टर्पेंटाइन बेसिनमध्ये ओतू नका. बरणीत ठेवा, गाळ खाली बसतो, वरचं स्वच्छ पुन्हा वापरता येतं. ब्रश शेवटी अंगाच्या साबणाने धुवा. जुने उस्ताद वापरत तो शिशाचा पांढरा आणि पाऱ्याचा हिंगुळ विषारी आहेत, सुरुवातीला त्यांच्या नादी लागू नका.

वॉर्निश निदान सहा महिन्यांनी. कॅनव्हासच्या मागे ‘सासोफेरातोच्या चित्रावरून’ असं लिहा, खाली तुमचं नाव आणि वर्ष. चित्र उद्या दुसऱ्याच्या हाती गेलं, तरी ते काय आहे हे स्पष्ट राहील.

यानंतर घरातल्याच कुणाला तरी बसवा. आईला, मावशीला, डोक्यावरून पांढरी ओढणी किंवा पदर घेऊन, मान झुकवून, एकाच खिडकीच्या उजेडात. तीच आठ नळ्यांची पॅलेट, तेवढाच कॅनव्हास. वीस मिनिटं बसवा, पाच मिनिटं विश्रांती द्या आणि खुर्चीच्या पायांभोवती जमिनीवर खडूच्या खुणा करा, म्हणजे पुन्हा त्याच जागी बसता येईल. पहिल्या बैठकीत फक्त अंबर आणि पांढरा घ्या.